ज्वारी वाढली

मच्छिंद्र गुरुजींनी बहात्तर सालच्या दुष्काळात दोन गोष्टी सिद्ध करून दाखवल्या. एक, जगात 'काहीच नाही' असं काही असूच शकत नाही. दोन, एकट्या शहाण्या माणसानं मनात आणलं तर तो अख्खं गाव उपाशी ठेवू शकतो. पहिलीला त्यांना सहा वर्षं लागली. दुसरी एका दिवसात उरकली.

गुरुजी सालपेवाडीच्या शाळेचे एकुलते एक मास्तर. पाथर्डीहून एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं पाय तुटेस्तोवर चालायचं, तेव्हा सालपेवाडी लागायची. शाळेला खोली एक, इयत्ता चार, आणि पोरं बहुतेक रानात. त्यामुळे गुरुजींना विचार करायला वेळ उदंड होता, आणि तो त्यांनी सगळाच्या सगळा विचार करण्यात घालवला. नगरला एका रद्दीवाल्याकडून त्यांनी तत्त्वज्ञानाची तीन पुस्तकं आणली होती. त्यातल्या एकाची शेवटची चाळीस पानं गायब होती. त्या पंडिताचं शेवटी काय म्हणणं पडलं ते गुरुजींना कधीच कळलं नाही, तेव्हा ते त्यांनी स्वतःच्याच डोक्यानं पुरं केलं.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. 'नाही' म्हणायलासुद्धा काहीतरी लागतं. खिशात काही नाही म्हटलं तरी खिसा असतो. खिसा नाही म्हटलं तर सदरा असतो, आणि सदराही नाही म्हटलं तर उघडा माणूस असतोच. एवढं बोलून गुरुजी समोरच्याकडे असं बघायचे, की तो बिचारा आपला खिसा चाचपायचा.

समोरचा बहुतेक वेळा सहादेव गवंडी असायचा. सहादेवच्या बापानं धर्मांतरानंतर घरातले देव विहिरीत सोडले होते. भिंतीवर फोटो लागले, पण देवांचा कोनाडा बापलेकांनी मुद्दाम तसाच रिकामा ठेवला. सहादेव त्याला दर वैशाखात चुना मारायचा. घरातली सगळ्यात कामाची वस्तू तीच, असं तो म्हणायचा, कारण तिच्यापुढं वाकावं लागत नाही. गुरुजी म्हणत, अरे तो कोनाडा आहे, म्हणजे काहीतरी आहेच. सहादेव म्हणे, कोनाडा मी बांधला नसून त्यातली मोकळी जागा बांधली आहे, मला विचारा. असा वाद रोज चाले आणि रोज बरोबरीत सुटे. एकदाच काय तो सहादेव घाव घालून गेला होता.

"गुरुजी, तुमच्या घरात म्हैन्याच्या म्हैन्याला धान्य येतं," तो म्हणाला होता. "तुमाला शून्य सापडायचं कसं?"

गुरुजींनी ते हसण्यावारी नेलं होतं.

त्या साली पावसानं सालपेवाडीला तोंडच दाखवलं नाही. धडधाकट माणसं कोयते घेऊन कारखान्याच्या उसाला गेली. मागं राहिल्या म्हाताऱ्या, पोरं, गरवारशा आणि ज्यांच्याच्यानं कोयता उचलत नव्हता असे बाप्ये. गावाच्या वर, ओढ्याला बांध घालून पाझर तलाव करायचं सरकारनं कागदावर ठरवलं होतं. काम सुरू झालं की कामावर येईल त्याला मजुरी, वर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणि पोरांना खायला सुकडी. न झालं तर म्हाताऱ्यांनीसुद्धा चंबूगबाळं उचलून वाट धरायची. सगळं गाव त्या तलावाकडे डोळे लावून बसलं होतं.

कार्तिकात तालुक्याहून नमुना आला. घरोघरी जाऊन धान्याचा साठा लिहायचा. ज्या गावात साठा नाही त्या गावाला काम आधी. तलाठ्याकडे पाच गावं, तेव्हा नमुना गुरुजींच्या गळ्यात पडला. रकाने होते: माणसे, ज्वारी, बाजरी, तेल, मीठ. खाली बारीक अक्षरात टीप होती: 'साठा नसल्यास निरंक असे नमूद करावे.'

त्या निरंकानं घात केला.

गुरुजी पहिल्यांदा मालनबाईच्या दारात गेले. ज्वारी किती, म्हणून विचारलं. मालनबाईनं पदर सावरला आणि सांगितलं, वाढली.

आता आपल्याकडे कुठल्या बाईनं दारात उभं राहून 'संपली' म्हटलंय? बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. वाण्याचं दुकानसुद्धा रात्री बंद होत नाही, तो ते वाढवतो. डब्यातलं कुंकू संपलं की वाढलं. संपलं म्हटलं की घरात येऊ पाहणारं दारातूनच परत फिरतं, हे प्रत्येक लेक आईकडून शिकते. सालपेवाडी या बाबतीत भलतीच कडक होती. त्या वर्षी तिथं जे म्हणून होतं ते सगळं वाढलं होतं.

गुरुजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी लेखणी निरंकवर टेकवलीसुद्धा होती. पण तेवढ्यात आतला तत्त्वज्ञ जागा झाला. निरंक, म्हणजे काही नाही. ते काही-नाही मी पाहिलं का? मी पाहिली कणगी. कणगीला सारवण होतं, बाहेर बुडाशी दोन उंदराच्या लेंड्या होत्या. जे डोळ्यांना दिसलं नाही त्याची साक्ष मी सरकारदरबारी कशी देऊ? आणि जे असूच शकत नाही ते लिहून मी खोटं का बोलू? गुरुजींनी थोडा वेळ कपाळाला लेखणी लावून धरली. मग घरधनिणीचे शब्द जसेच्या तसे उतरवले: वाढली.

पुढच्या दारात वाढली. त्याच्या पुढच्या दारात वाढली, वाढलं, वाढलं. बासष्ट उघडी दारं त्यांनी दिवसभरात संपवली, आणि तीही मोत्यासारख्या अक्षरात. संध्याकाळी पारावर सहादेवला त्यांनी सगळा कागद वाचून दाखवला. खोटंही लिहिलं नाही आणि 'नाही'ही लिहिलं नाही, सहा वर्षांचा प्रश्न एका शब्दात सोडवला, असं म्हणून त्यांनी कागदाची नीट घडी घातली.

सहादेवनं शांतपणे विडी विझवली. म्हणाला, "वरचे सायब काय आपल्या बाया न्हाईत, गुरुजी."

गुरुजी म्हणाले, साहेब झाला तरी आईच्या पोटीच जन्मलेला असतो, त्याला कळेल.

साहेब आईच्या पोटीच जन्मला होता. पण ती मद्रासकडची होती.

तालुक्याच्या कारकुनानं कागद वाचलाच नाही, नुसती माणसांची बेरीज करून वर धाडला. वरच्या कचेरीत त्याचं इंग्रजी झालं, आणि इंग्रजीत सालपेवाडीची ज्वारी खरोखरच वाढली. पंधरा दिवसांनी पत्र आलं. गुरुजींनी ते चावडीत सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि तिसऱ्या ओळीला कागद सहादेवच्या हातात दिला. उर्वरित पत्र सहादेवनं वाचलं. मौजे सालपेवाडी येथे भर अवर्षणात ज्वारी, बाजरी, तेल व मीठ यांत वाढ झाल्याचे पाहून समाधान वाटले. सबब पाझर तलावाचे काम शेजारील अधिक गरजू गावी हलविण्याचे योजिले आहे. ज्वारीचे कोणते बियाणे वापरले ते पाहण्यास साहेब जातीने येत आहेत. मिठाच्या वाढीबाबत मात्र स्वतंत्र खुलासा करावा.

बोलण्याइतकी ताकद कुणाच्या अंगात नव्हती आणि होती त्यांना शब्द सापडेनात. मग म्हाताऱ्या बनुबाईला सापडले. तिनं गुरुजींच्या तीन पुस्तकांचं काय करावं ते गुरुजींना सांगितलं, आणि ते कागदावर लिहिण्याजोगं नाही. त्या दिवसापासून पोरं शाळेत यायची बंद झाली. पाणवठ्यावर गुरुजी दिसले की बाया घागरी उचलून चालू लागत. घरी चांगुणाबाईंनी नवऱ्याच्या ताटात अर्धी भाकरी टाकली आणि सांगितलं, भाकरी वाढली. आता यातला कुठला अर्थ घ्यायचा ते तुम्हीच ठरवा, असंही वर म्हणाल्या.

गुरुजींना झोप लागेना. आपल्यामुळे बनुबाईची आठ महिन्यांची गरवार सून खडी फोडायला परगावी पायी जाणार, हे त्यांना दिसत होतं.

साहेब जीपमधून आले ते बियाण्याच्या नमुन्यासाठी कापडी पिशवी घेऊनच. माणूस वाईट नव्हता. सहा महिन्यांत पुस्तकावरून मराठी शिकला होता आणि अगदी छापल्यासारखं बोलायचा. त्याच्या पुस्तकात 'वाढणे'चे दोन अर्थ होते, मोठे होणे आणि ताटात घालणे. गुरुजींनी घाम पुसत पुसत तिसरा सांगितला. साहेबांनी तो खिशातल्या वहीत लिहून घेतला, पण लिहिताना गुरुजींकडे असं पाहिलं, जणू गुरुजींनीच तो आत्ता बनवला असावा.

साहेब म्हणाले, समजलं. परंतु सही केलेला कागद सांगतो वाढली. तो खोडायचा तर एका तरी घराचा जबाब मला समक्ष हवा. घरच्याच माणसानं, स्वतःच्या दारात, स्वच्छ शब्दांत सांगावं, संपली. वाढली मी पुन्हा लिहिणार नाही. आणि जे काय ते आज. उद्या शेजारच्या गावाला हुकूम निघतो.

एवढंच हवं होतं. आणि नेमकं तेवढंच सालपेवाडीत मिळत नव्हतं.

गुरुजी दारोदार फिरले. मालनबाईनं कानावर हात ठेवले. तिचा नवरा उसाच्या फडात होता, आज इथं तो शब्द तोंडातून काढला आणि उद्या तिकडून काही भलतं कानावर आलं तर? बनुबाईनं सुनेच्या पोटाकडे बोट दाखवलं आणि दार लोटलं. मागं राहिलेल्या बाप्यांतला बन्सी म्हणाला, कणगीतलं आपल्याला काय ठाऊक, ते बायकांचं. सहादेवला असली कसली भीती नव्हती, तो लगेच उठला, पण त्याच्या घरात परवाच भिंत बांधून मिळालेली दोन पायली बाजरी होती. असलेली संपली कशी म्हणू, असं त्यानं विचारलं, आणि गुरुजी पुढच्या दाराकडे वळले. स्वतः गुरुजींच्या घरात दोन पोती ज्वारी होती. ती तर त्यांना त्या दिवशी सलत होती.

राहता राहिली रंगुबाई. गावाच्या टोकाला राहायची, एकटी. नवरा तरणा असतानाच गेला. एकुलता भीमा नऊ वर्षांचा असताना विहिरीत पडला, त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून रंगुबाईच्या तोंडाला फाटक राहिलं नव्हतं. देवाला, सरपंचाला, ढगाला, जो समोर येईल त्याला ती शिव्या घालायची, आणि गाव ऐकून घ्यायचं.

गुरुजी तिच्यापुढं उभे राहिले आणि घाईत जे मनात होतं तेच बोलून गेले. म्हणाले, "मावशी, बाकीच्यांना भीती आहे. तुम्हाला आता काय व्हायचं राहिलंय?"

आपण किती नीच बोललो ते त्यांना तिथल्या तिथं कळलं.

रंगुबाईनं त्यांच्याकडे बघितलं. शिवी दिली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आन तुझ्या सायबाला, मास्तर."

साहेब आले, उपड्या घमेल्यावर बसले आणि मांडीवर कागद घेतला. पंच म्हणून बन्सी आणि सहादेव उभे राहिले. गावातल्या बाया आल्या, पण लांब, आणि साहेबाकडे पाठ करून. रंगुबाई उंबऱ्यावर ऐसपैस बसली.

साहेबांनी विचारलं, ज्वारी?

"संपली," रंगुबाई म्हणाली. स्वच्छ, मोठ्यानं, पाठमोऱ्या बायांना ऐकू जाईल असं. बायांची पाठ शहारली.

बाजरी?

"संपली. तेल संपलं. मीठ संपलं. तमाखू संपली, ती लिवा आधी, तिचा लई तरास हाय."

साहेब म्हणाले, तंबाखूला रकाना नाही. रंगुबाई म्हणाली, मग सरकारला काय कळतंय दुष्काळातलं. बन्सीला हसू आलं, ते त्यानं खोकून घालवलं.

साहेब नियमाचे माणूस. ते उठून आत गेले आणि कणगीत डोकं घालून बघू लागले. आतून त्यांचा आवाज घुमत आला की मला काही दिसत नाही.

"तेच लिवा," रंगुबाई म्हणाली.

साहेबांच्या मागोमाग गुरुजींनीही कणगीत पाहिलं. बासष्ट कणग्या त्यांनी याआधी दारातून पाहिल्या होत्या, हिच्यात मात्र ते वाकले. आत जुन्या ज्वारीचा वास होता. सारवण खरवडून खरवडून तळाचा कूड उघडा पडला होता, म्हणजे पीठसुद्धा नखानं काढून झालं होतं. गुरुजींना वाटलं, हेच ते. आपण सहा वर्षं जे नाही म्हणत आलो ते इथं बसलंय, आणि रंगुबाईसारख्या म्हातारीबरोबर रोज राहतंय. त्यांना भीती वाटली. ते मागं सरकले आणि त्यांचं डोकं कणगीच्या काठावर आपटलं.

बाहेर साहेबांनी प्रत्येक रकान्यात निरंक लिहिलं. मग म्हणाले, ठीक आहे, सालपेवाडीचं काम सालपेवाडीतच राहील, सोमवारी माणसं पाठवतो. पाठमोऱ्या बाया वळल्या. मालनबाईनं तोंडात पदर कोंबला आणि ती रडू लागली. सहादेवनं गुरुजींच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच.

साहेब टोपण लावणार तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, पहिला रकाना राहिला. मिलोचं वाटप माणशी व्हायचं होतं. त्यांनी विचारलं, घरात माणसं किती?

आपलाही काही उपयोग व्हावा म्हणून गुरुजी घाईनं म्हणाले, एकच, साहेब. एकटीच असतात.

"एकटी कशानं?" रंगुबाई म्हणाली. "भीमा हाय की."

साहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. विचारलं, कुठं आहे?

मघाशी ज्वारीला, बाजरीला, मिठाला रंगुबाईनं एका दमात संपवलं होतं. आता तिचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. मग आला.

"वाढला," ती म्हणाली.

साहेबांची लेखणी थांबली. तिसरा अर्थ त्यांना आजच शिकवला होता. त्यांनी खिशातली वही काढली, ते पान उघडलं, आणि हळू आवाजात गुरुजींना विचारलं, "गुरुजी, यातला कोणता?"

सगळं गाव गुरुजींकडे बघत होतं. रंगुबाईसुद्धा बघत होती. त्या बाईनं कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि ती आता गुरुजींच्या तोंडाकडे बघत होती. भीमा त्यांच्या हाताखाली तिसरीत होता. पुढच्या रांगेत, दारापाशी बसायचा.

"पहिला, साहेब," गुरुजी म्हणाले. "मोठा झाला. यंदा एकवीस पुरी झाली त्याला."

साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं, रंगुबाईकडे पाहिलं, आणि वही मिटून खिशात घातली. मग माणसांच्या रकान्यात दोन लिहिलं. साक्षीदार म्हणून खाली गुरुजींनी सही केली.